कॉक्लिअर इम्प्लांट: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

"मशीन लावून चार महिने झाले, अजून एक शब्द नाही. मशीन खराब असेल का हो?"

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी धायरीतून, कधी मंचरहून, कधी थेट बारामतीहून. मी डॉक्टर नाही. माझ्या लेकीला दीड वर्षाची असताना इम्प्लांट झालं, आता ती चौथीत आहे. ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीच्या बाकावर ओळख झालेल्या आयांनी माझा नंबर पुढे पुढे देत नेला, एवढंच. अशा फोनवर मी उलटा प्रश्न विचारते, "दिवसाला किती तास लावता?" उत्तर ठरलेलं असतं. "थेरपीला जाताना लावतो. घरी काढून ठेवतो, लाखांची वस्तू, हरवली-बिरवली तर?"

सगळी गडबड इथेच होते. इम्प्लांटचं बाहेरचं यंत्र आवाज पकडून त्याचे विजेचे संकेत करतं आणि आतली बारीक तार ते श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवते. त्या संकेतांचा अर्थ लावायचं काम मेंदूचं, आणि ते तो रोजच्या सरावानेच शिकतो. ही शिकण्याची तयारी मेंदूत कायम तशीच राहत नाही. साधारण साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळायला लागलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला ऐकणाऱ्या मुलांसारखा प्रतिसाद द्यायला लागतो. सात वर्षांनंतर पहिल्यांदाच आवाज मिळाला तर बहुतेकांना ते जमत नाही, कारण तोवर ऐकण्याचा भाग बघण्याच्या आणि स्पर्शाच्या कामाला जुंपला गेलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा.

१. आधी नक्की करा: ऐकू येत नाही म्हणजे किती?

घरोघरी होणारी पहिली चूक म्हणजे ताट वाजवून बघणं. बाळाच्या मागे ताट वाजवलं, बाळाने वळून पाहिलं, झालं, "ऐकतंय की!" बाळ कदाचित तुमच्या हाताच्या सावलीने वळलं असेल, फरशीच्या हादऱ्याने किंवा वाऱ्याच्या झुळुकीनेही वळलं असेल. बहिरं मूल डोळ्यांनी आणि अंगाने फार सावध असतं. दुसरी चूक आजीची: "याचा बापसुद्धा चार वर्षांचा झाल्यावर बोलला." आजींचा मान राखा आणि तपासणीची तारीख घ्या.

चांगला क्रम असा धरतात: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाला मशीन. तुमचं मूल यापुढे गेलं असेल तर रडत बसू नका, आजपासून मोजा.

तपासण्या एकमेकींना पूरक असतात. एकीवर थांबू नका.

ओएई: आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी काम करतात का, हे बघते. दोन मिनिटांत होते.
बेरा: आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे बघते. यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं.
एएसएसआर: वेगवेगळ्या पट्टीत किती ऐकू येतं, याचा अंदाज देते.
इम्पिडन्स: मधल्या कानात पाणी साठलंय का, ते कळतं.

सावध राहा: बाळ काचेत होतं, कावीळ खूप वाढली होती किंवा ऑक्सिजनवर होतं, तर नुसती ओएई "पास" आली म्हणून घरी जाऊ नका. पेशी ठीक पण नसेचं काम बिघडलेलं, असंही असतं. त्यात ओएई पास होते आणि बेरा नापास. अशा बाळांची बेरा झालीच पाहिजे.

बेराच्या दिवशी काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. सकाळी बाळाला लवकर उठवा, दुपारची झोप टाळा, पोटभर दूध तपासणीच्या जागी पोचल्यावर पाजा. भोरहून किंवा जुन्नरहून एसटीने येणाऱ्यांची नेहमीची फजिती म्हणजे बाळ बसच्या हिंदकळण्याने सगळा रस्ता झोपतं आणि स्वारगेटला टक्क जागं. मग तारीख पुढे जाते. बरोबर एक जादा माणूस घ्या, त्याचं काम प्रवासात बाळाला जागं ठेवणं. झोपेचं औषध द्यावं लागलंच तर ते तिथल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घरून देऊन आणू नका.

मेंदूज्वर होऊन ऐकणं गेलं असेल तर हा सगळा निवांतपणा विसरा. मेंदूज्वरानंतर आतल्या कानात हाड भरायला लागू शकतं, कधी काही आठवड्यांतच. एकदा पोकळी भरली की तार आत सरकवणं अवघड होतं. अशा मुलाला त्याच आठवड्यात इम्प्लांट करणाऱ्या सर्जनला दाखवा.

२. कानाचं साधं मशीन लगेच लावा

"ऑपरेशन करायचंच आहे, मग मशीनवर पैसे कशाला?" या हिशेबात सहा-सहा महिने जातात. मशीनची चाचणी इम्प्लांटच्या निर्णयाचाच भाग असते. नीट बसवलेल्या, पुरेशा ताकदीच्या मशीनने तीन-एक महिन्यांत काय फरक पडतो, हे बघूनच इम्प्लांट हवं की नको ते ठरतं. काही मुलांना मशीनवरच भागतं. त्यांना ऑपरेशनची गरज नसते, ही चांगलीच बातमी. आणि इम्प्लांट झालंच, तरी या महिन्यांत कानावर काहीतरी ठेवायची सवय झालेली असते. नसेला थोडंफार खाद्य मिळालेलं असतं, ते वेगळंच.

मशीनची शिट्टी वाजत असेल तर साचा कानात घट्ट बसत नाहीये. बाळाचा कान भराभर वाढतो, साचा काही महिन्यांनी पुन्हा बनवावा लागतो. आवाज कमी करून शिट्टी बंद करू नका. तसं केलं तर मशीन लावून न लावल्यासारखंच.

इम्प्लांट एकाच कानाला होणार असेल तर दुसऱ्या कानाचं मशीन कपाटात टाकू नका. त्या कानात थोडं जरी ऐकू येत असेल तरी ते चालू ठेवायचं. आवाज कुठून आला, हे कळायला दोन कान लागतात. रस्ता ओलांडताना हे कळतं.

३. ऑपरेशनआधीची तयारी: तब्येत आणि कागद

दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा. तब्येतीचं आधी उरकून कागदाला नंतर लागलात तर कागद तीन महिने खातात.

तब्येतीच्या बाजूने पाच गोष्टी विचारून घ्या.

स्कॅन: सीटी स्कॅनमध्ये आतल्या कानाचा आकार दिसतो, एमआरआयमध्ये श्रवणाची नस आहे की नाही ते. नसच नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होत नाही. हे आधी कळलेलं बरं.

लसी: न्यूमोकोकल आणि हिब. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण हव्यात. लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर आज शोधा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको.

ईसीजी: जन्मजात बहिरेपणाच्या एका दुर्मिळ प्रकारात हृदयाच्या ठोक्याचीही गडबड असते. भूल देण्याआधी साधा ईसीजी काढून घेतला की ती शंका फिटते. घरात कुणी लहान वयात अचानक दगावलं असेल, किंवा मूल घाबरल्यावर बेशुद्ध पडत असेल, तर हे न विचारता सांगा.

डोळे: बहिऱ्या मुलाची सगळी भिस्त डोळ्यांवर असते, आणि चष्म्याचा नंबर मात्र कुणी तपासत नाही. काही आनुवंशिक प्रकारांत पुढे रातांधळेपणाही येतो.

रक्ताचं नातं: मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न असेल तर लाजून लपवू नका. आनुवंशिक तपासणी सुचवायला डॉक्टरांना ती माहिती लागते, आणि पुढच्या बाळाचा विचार करताना तुम्हालाही.

आता कागद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतून ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे, पुढे ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतूनही इम्प्लांट मिळतं. त्याचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. एडिपला वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, आणि वयाची अट तुमच्या कागदांसाठी थांबत नाही.

फाइलमध्ये मुलाचा जन्मदाखला, मुलाचं स्वतःचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र म्हणजे यूडीआयडी, बेराचा आणि स्कॅनचा रिपोर्ट, मशीन लावल्याची नोंद आणि फोटो ठेवा. यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणीला ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यात जायचं.

तपासा: जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का? आमच्या लेकीच्या दाखल्यावर बारशाआधीचं नुसतं "बेबी ऑफ" होतं. तेवढ्यासाठी पाच आठवडे गेले.

सही करण्याआधी एक प्रश्न विचाराच: बाहेरच्या यंत्राची वॉरंटी किती वर्षांची, आणि ती संपल्यावर वायर, कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती), बॅटरीचा खर्च कोणाचा? योजनेतून मिळालं तरी पुढचा खर्च बहुतेक घरालाच उचलावा लागतो. दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला ऑपरेशनच्या महिन्यापासूनच सुरुवात करा.

४. ऑपरेशन ते स्विच ऑन

हा टप्पा सगळ्यांना सगळ्यात मोठा वाटतो, खरं तर हाच सगळ्यात सोपा. पूर्ण भूल, दोन-तीन तास, कानामागे टाका, काही दिवसांत घर. ताप, टाक्यातून पाणी, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसणं, सारखी उलटी किंवा तोल जाणं यातलं काही दिसलं तर सोमवारची वाट न बघता फोन करा.

घरी आल्यावर मूल अजूनही ऐकत नसतं, कारण आतला भाग चालू झालेला नसतो. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, बाहेरचा प्रोसेसर लावून स्विच ऑन करतात.

या मधल्या दिवसांत एकच काम करा. मुलाला "आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा" हा खेळ शिकवा. आता ढोलकीच्या हादऱ्यावर शिकवा, ढोलकीवर मुलाचा हात ठेवून. पुढच्या प्रत्येक मॅपिंगला, म्हणजे यंत्राचे संकेत मुलाच्या ऐकण्याप्रमाणे कमी-जास्त बसवताना, हा खेळ उपयोगी पडतो.

५. स्विच ऑनचा दिवस, आणि पुढचे तीन महिने फक्त तास

त्या दिवशी आम्ही आत्या, मामा, आजी-आजोबा असा गोतावळा नेला होता. मोबाइल रोखलेले. यंत्र चालू झालं आणि लेकीने भोकाड पसरलं. आजी म्हणाली, "दुखतंय गं तिला, काढ ते." मीही काढलं. ती माझी चूक होती. रडणं म्हणजे तिला काहीतरी जाणवलं होतं. फक्त आई-बाबा जा. बाकीच्यांना चार महिन्यांनी पेढे द्या.

पहिले तीन महिने शब्द मोजूच नका. तास मोजा. पहिल्या आठवड्यात तुकड्यातुकड्याने लावा: जेवताना, अंगाला तेल लावताना, दाराशी बसून माणसं बघताना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत जागेपणीचा सगळा वेळ, म्हणजे दिवसाला दहा-बारा तास. झोपताना आणि अंघोळीला काढायचं. आजकालचे प्रोसेसर किती तास चालले याची नोंद आत ठेवतात, ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) आकडा दिसतोच. तेव्हा "हो हो, दिवसभर लावतो" म्हणण्यात अर्थ नाही.

मूल सारखं ओढून काढतं? शांतपणे परत लावा. पन्नास वेळा काढलं तर पन्नास वेळा. ओरडू नका आणि हसूही नका, दोन्हीने त्याचा खेळ होतो. यंत्राला बांधलेल्या दोरीची क्लिप फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या मागच्या बाजूला लावा, दोरी आखूड ठेवा. सुती पट्टी डोक्याला बांधली तर मायक्रोफोन झाकला जात नाही ना, बघा. पण आधी सलग लावत असलेलं मूल अचानक एका दिवसापासून काढायला लागलं, किंवा एखाद्या आवाजाला डोळे घट्ट मिटायला लागलं, तर ते हट्टाने नसेल. मॅपिंगमध्ये आवाज जास्त झाला असेल. तारीख घ्या.

वयाचा हिशेबही इथून बदलतो. स्विच ऑनचा दिवस हा ऐकण्याचा वाढदिवस. मूल तीन वर्षांचं, पण ऐकण्याचं वय चार महिने, तर अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाची. साधारण क्रम असा: आधी आवाजाला थबकणं, मग आवाजाकडे वळणं, मग स्वतःच्या नावाला वळणं, मग पाच-दहा ओळखीचे शब्द कळणं, आणि बोलणं त्यानंतर. वर्षभर ऐकल्यावर पहिले शब्द आले तर ते वेळेवरच आले.

तपासा: तीन महिने रोज दहा तास लावूनही कशालाच प्रतिसाद नाही? मग वाट बघत बसायचं नाही. यंत्र, मॅपिंग आणि नस तिन्ही पुन्हा तपासायला सांगा.

६. रोज सकाळी सहा आवाज

हे दात घासण्यासारखं आहे, दोन मिनिटं लागतात. म, ऊ, आ, ई, श, स. या सहा आवाजांत बोलण्याची सगळी पट्टी येते. म आणि ऊ खालच्या, आ मधला, श वरचा, स सगळ्यात वरचा.

पहिला टप्पा: आवाज आला की ठोकळा टाकायचा. आला की नाही, एवढंच.
दुसरा टप्पा, काही महिन्यांनी: कोणता आवाज ते ओळखून तसाच म्हणायचा किंवा चित्र उचलायचं.

हाताच्या अंतरावरून सुरू करा, जमलं की एक मीटर, मग तीन. मुलाच्या बाजूला किंवा थोडं मागे बसा. तोंडासमोर तळवा धरू नका, त्याने "स" मरतो. क्रम रोज बदला, मध्येच दहा सेकंद गप्प राहा, नाहीतर मूल तालावर ठोकळे टाकतं आणि तुम्हाला वाटतं ऐकतंय.

काल सहाही आले, आज "श" आणि "स" गेले? आधी बॅटरी बदला. मग मायक्रोफोनची जाळी किंवा कव्हर बघा, पावडर आणि तेल बसतं. मग जादा वायर लावून बघा. तरीही नाही, तर क्लिनिकला फोन. सर्दी असेल तर तेही सांगा. याच क्रमाने. आमची सहा महिन्यांत वायर दोनदा तुटली आणि पहिल्या वेळी आम्ही आठ दिवस "आज मूड नाही तिचा" म्हणत बसलो होतो.

७. घरात कसं बोलायचं

"बोल ना! आई म्हण, आई!" हे बंद. मूल ऐकण्याआधी त्याला बोलायची परीक्षा घेतली की ते तुमच्या ओठांकडे बघायला शिकतं आणि कान सोडून देतं.

त्याऐवजी आधी ऐकवा, मग दाखवा, मग परत ऐकवा. कुकरची शिट्टी झाली. थांबा, कानाला हात लावा, "ऐकलंस? शिट्टी झाली." मग ओट्याकडे नेऊन दाखवा. परत म्हणा, "कुकरची शिट्टी झाली." गाईचं चित्र दाखवून "हम्मा" म्हणण्याआधी "हम्माऽऽ" ऐकवा, थोडं थांबा, मग गाय पिशवीतून काढा. तो थांबण्याचा वेळ फार मोलाचा. मनात पाच आकडे मोजा. आपल्याला गप्प राहवत नाही, आणि मूल विचार करत असतानाच आपण उत्तर देऊन टाकतो.

जवळून बोला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाक मारण्यात अर्थ नाही, उठून जा. टीव्ही बंद. पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्या आवाजात इम्प्लांटचं मूल तुमच्या-माझ्यासारखं शब्द वेगळे काढू शकत नाही.

पूर्ण वाक्यात बोला. "पाणी" नको, "तुला पाणी हवंय का?" असं. आपल्या मराठीत निम्मा अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो: आजीला, आजीने, आजीकडे, आजीचा. शेपटी छोटी आणि हळू उच्चारली जाते, आणि तीच ऐकू येत नाही. मग मूल "आजी दे" एवढंच बोलतं आणि आजीला द्यायचं की आजीने द्यायचं, कळत नाही. त्यासाठी खेळ: "चेंडू आजीला दे. आता आजीकडून घे." प आणि फ, क आणि ख, ल आणि ळ हे नंतर. ते आधी घेऊन मुलाला रडवू नका.

कोणती भाषा? ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि लाड करता ती. "शाळा इंग्लिश मीडियम आहे, म्हणून घरी इंग्लिश बोलतो" असं म्हणणाऱ्या घरात मुलाला दिवसभरात "कम", "सिट", "इट" एवढेच शब्द मिळतात. पहिली भाषा घट्ट बसली की दुसरी तिच्यावर उभी राहते.

खुणांचं काय? थेरपिस्टांची मतं वेगळी असतात. माझं मत असं की ऑपरेशनची वाट बघण्याच्या महिन्यांत मुलाला कुठलीच भाषा नसणं सगळ्यात वाईट. तोवर खुणांनी बोला, भारतीय सांकेतिक भाषेचे शंभर शब्द घरातल्या सगळ्यांनी शिका. यंत्र काढलेल्या वेळी, अंघोळीत, पोहताना, बिघाडाच्या दिवशी त्याच उपयोगी येतात. स्विच ऑननंतर ऐकण्याच्या खेळाच्या वेळी मात्र आधी आवाज, खूण नंतर.

८. कानापलीकडचं: तोल, स्मरण, मन

थेरपीत कान आणि जीभ यांच्यावरच सगळा भर असतो. बाकीचं घरी बघावं लागतं.

तोल. ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव आतल्या कानात शेजारी शेजारी. म्हणून बऱ्याच बहिऱ्या मुलांची मान उशिरा धरते, चालणं उशिरा येतं, अंधारात ती धडपडतात. "धांदरट" म्हणून सोडून देऊ नका. एका पायावर उभं राहणं, भिंतीच्या कडेने रेषेवर चालणं, झोका, लंगडी, सगळं खेळवा. पोहायला नेताना विशेष जपा. तोलाची जाण कमी असली तर पाण्याखाली वर-खाली कळत नाही.

क्रमाने लक्षात ठेवणं. आवाज एकामागून एक येतो आणि विरून जातो, चित्रासारखा समोर थांबत नाही. म्हणून न ऐकलेल्या मुलांना क्रम धरून ठेवणं जड जातं. एका वेळी एक वस्तू, मग दोन, मग तीन: "फ्रीजमधून लिंबू आण." "लिंबू आणि मिरची आण." "लिंबू, मिरची आणि बाबांचा चष्मा आण." दोन वस्तू सलग आठवडाभर जमल्याशिवाय तिसरी देऊ नका.

लक्ष. बहिरं मूल वर्गात सारखं इकडे-तिकडे बघतं, कारण कान देतात ती सावधगिरी त्याला डोळ्यांनी घ्यावी लागते. बाईंना हे आधीच सांगा, नाहीतर "चंचल आहे" असा शिक्का बसतो. उलटही खरं: तास पूर्ण, मॅपिंग ठीक, तरी मूल नजर देत नाही, खेळात कुणाला घेत नाही, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा. बहिरेपणाबरोबर दुसरं काही असणं फार दुर्मिळ नाही.

दुसऱ्याचं मन. ऐकणारी मुलं मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकत मोठी होतात. "तिला वाटलं मी विसरले", "त्यांना माहीतच नव्हतं". आपल्या मुलाच्या वाट्याला हे येत नाही, त्याच्याशी बोललं जातं ते फक्त "ये, खा, झोप, हे काय". म्हणून दुसऱ्याला आपल्यापेक्षा वेगळं वाटू शकतं, हे या मुलांना उशिरा उमगतं. वाटलं, आठवलं, विसरले, चुकून, मुद्दाम, हे शब्द रोजच्या बोलण्यात आणा. "बाबांना वाटलं डब्यात लाडू आहेत. उघडला तर काय, रिकामा! बाबांना माहीत नव्हतं, तू खाल्लास ते." माझी लेक हे वाक्य ऐकून पहिल्यांदा खोडकर हसली, तेव्हा तिचं ऐकण्याचं वय साडेतीन होतं.

आणि थकवा. ऐकणं या मुलांसाठी कष्टाचं काम आहे. शाळेतून आल्यावर अर्धा तास शांत बसू द्या, लगेच थेरपीचा अभ्यास नको.

९. पुण्यातलं वर्ष: पाऊस, गणपती, घसरगुंडी

पावसाळ्यात दमटपणा यंत्राचा शत्रू. रात्री वाळवणाऱ्या डबीत ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते बदला. स्कूटरवर मागे बसवताना रेनकोटची टोपी कॉइलवर ओढून यंत्र पडणार नाही, याची खात्री करा. मग हेल्मेट.

गणपतीत ढोल-ताशा पथकाच्या अगदी पुढे उभं राहू नका, ते कुणाच्याच कानाला बरं नाही. गर्दीसाठीचं वेगळं सेटिंग ऑडिओलॉजिस्टकडून यंत्रात आधी बसवून घ्या. रंगपंचमीला यंत्र काढून ठेवा.

प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर आणि बॉल पूलमध्ये स्थिर वीज तयार होते. तिने प्रोसेसरमधलं मॅपिंग बिघडू शकतं. बाहेरचा भाग काढून मग खेळू द्या, आणि परत लावण्याआधी तुमच्या हाताने मुलाच्या अंगाला स्पर्श करा.

बटण-बॅटरी गिळणं ही जिवावरची गोष्ट. कप्प्याला लॉक असेल तर लावून ठेवा, जुन्या बॅटऱ्या लगेच फेका. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल.

डोक्याला मार लागला, दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं, किंवा कुणी एमआरआय लिहून दिला, तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा. आत लोहचुंबक आहे, आणि काही प्रकारची विजेची कॉटरी (ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या जाळून बंद करायचं उपकरण) डोक्या-मानेजवळ वापरता येत नाही. कार्डाचा फोटो आई, बाबा, आजी, शाळा, चौघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

शाळेच्या दप्तरात जादा बॅटरी, जादा वायर आणि एक कागद. आमच्या कागदावर पाच ओळी आहेत: पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवा, पंख्याखाली किंवा खिडकीशी नको. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. नाव घेऊन मग प्रश्न विचारा. "कळलं का?" विचारू नका, ती नेहमी "हो" म्हणते, "मी काय सांगितलं?" असं विचारा. हिरवा दिवा बंद दिसला तर बॅटरी बदला, ती स्वतः बदलते, फक्त आठवण करून द्या.